जिना उलटा उतरणाऱ्या ताई

आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई जिना उलट्या उतरायच्या. म्हणजे कशा, तर तोंड पायऱ्यांकडे, एक हात कठड्यावर, दुसरा वरच्या पायरीवर टेकलेला, आणि पाय एकेक करून मागे, चाचपत. लहान मूल पलंगावरून उतरतं ना, अगदी तसं. मुलुंडला, चांगली लिफ्ट असलेल्या सोसायटीत, टेलिफोन खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेली बाई पाठीवर सॅक लावून चौथ्या मजल्यावरून अशी खाली येते, म्हटल्यावर लोक बोलणारच. एक नवा कुरिअरवाला तर हादरलाच. त्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. "मॅडम, उठा, पाणी देऊ का?" तर ह्या मागे न बघता म्हणाल्या, "पाणी नको. माझ्या उजव्या पायाखाली तुझं पार्सल येतंय, ते उचल."

आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. त्यांच्यापेक्षा मोठ्या बायकासुद्धा ताईच म्हणतात. त्या मात्र सगळ्यांना अगं-तूगं. सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा "ए, इकडे ये." तो येतोही.

आणि ह्याच ताई यंदा पावसाळाभर घराबाहेर पडल्या नाहीत. डोंगरात कधी साधं खरचटलं नाही हो त्यांना. घरात माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून आल्या तेव्हा लिफ्ट चालू होती, वर गेल्या. मग सोसायटीनं लिफ्ट बदलायला काढली आणि ताई चौथ्या मजल्यावर अडकल्या. व्यायाम घ्यायला येणारी पोरगी म्हणायची, "आजी, तुम्हाला जमतंय, कुणालातरी सोबत घेऊन जिना उतरा." ताई काठी टेकत दारापर्यंत यायच्या, पायऱ्यांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज नको, आज कपडे वाळत घातलेत." कपड्यांचा आणि जिन्याचा काय संबंध? पण विचारणार कोण.

त्यांचा पुतण्या नाशिकला असतो. लग्न केलं नाही ताईंनी, तोच काय तो जवळचा. मुलगा वाईट नाही, काळजीपोटीच बोलला. फोनवर म्हणाला, "आत्या, मी रविवारी गाडी घेऊन येतो. स्वतःच्या पायानं गेटपर्यंत आलीस तर तू म्हणशील तसं. नाहीतर खुर्चीत बसवून उचलून नेणार. माझं घर तळमजल्यावर आहे, जिन्याची भानगडच नाही."

मी समजूत काढायला म्हटलं, "ताई, नाशिकलाही डोंगर आहेत की."

"आहेत ना," त्या म्हणाल्या. "खिडकीतून बघायला."

तो शुक्रवार होता. मला काही झोप लागेना. कारण आम्हाला उतरायला कुणी शिकवलं, तर ह्या बाईनं.

झालं काय होतं, आमचे हे रिटायर झाले आणि दिवसभर घरात बसायला लागले. मला माझंच घर पुरेना. संध्याकाळी मी गच्चीत जाऊन उभी राहायची. तिथून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. एकदा ताई तिथे सॅकमध्ये तूरडाळीच्या पिशव्या भरून फेऱ्या मारत होत्या. मला म्हणाल्या, "नुसती बघतेस काय? चल की." मी म्हटलं, अहो माझं वय, माझं वजन. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वजन चांगलंय. वाऱ्यानं उडणार नाहीस."

असा आमचा ग्रुप झाला. ताई, मी, पहिल्या मजल्यावरची नलू, आणि तिच्या समोरच्या हंसाबेन. नलू वेंगुर्ल्याची, चाळीस वर्षं मुंबईत काढूनही तोंड उघडलं की मालवणी. हंसाबेन कच्छच्या, डब्यात कायम ठेपले.

ताईंची शाळा जिन्यावर भरायची. रोज संध्याकाळी आम्ही चौघी ओळीनं, चौथ्या मजल्यावरून उलट्या खाली. दिवे लागायच्या वेळेला ऑफिसमधून येणारे लोक लिफ्टसाठी उभे असायचे आणि वरून चार पाठी यायच्या. आमच्या ह्यांनी एक दिवस गंभीरपणे विचारलं, "हे कुठल्या महाराजांनी सांगितलंय का?"

ताईंचं म्हणणं असं, की चढताना माणूस आपोआप डोंगराकडे तोंड करतो, उतरताना मात्र दरीकडे करतो, आणि तिथेच वाट लागते. "दरीत बघण्यासारखं काय आहे? तुझं काम दगडाशी आहे. त्याच्याकडे बघ."

त्यांचा आणखी एक नियम होता. 'जपून' म्हणायचं नाही. ट्रेकला कुणी चुकून "जपून गं" म्हटलं, तर तिनं ताईंची पाण्याची बाटली वाहायची. आम्ही भांडलो, की अहो काळजीनं तोंडातून जातं. तर म्हणाल्या, "जपून म्हणजे काय? पाय कुठे ठेवायचा ते सांगितलंय का त्यात? 'डावा पाय, त्या पांढऱ्या दगडावर' असं म्हण. जपून म्हटलं की समोरच्याचे गुडघे लटपटतात आणि आपल्याला मात्र काहीतरी केल्यासारखं वाटतं." आणि भीती वाटली की मोठ्यानं सांगायची. मनात ठेवलेली भीती गुडघ्यात उतरते, असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे आमचा ट्रेक म्हणजे नुसता कालवा. "ताई, मला भीती वाटतेय!" "ऐकलं! उजवा पाय खाली घे!" दुसरे ट्रेकर आमच्यापासून लांब चालायचे.

आता त्यांच्या रेनकोटाचं सांगते. ताईंना छत्री आवडत नाही आणि दुकानातला रेनकोट म्हणजे पैशाची नासाडी. त्यांनी डायनिंग टेबलवर घालतात ना, ते फुलाफळांचं प्लास्टिक, त्याला मधोमध भोक पाडून डोकं घालायची सोय केली होती. चौघींना चार. माझ्यावर कलिंगडं होती, नलूवर सूर्यफुलं. हंसाबेनना चहाच्या कपबशा आल्या होत्या आणि त्या रुसल्या होत्या. आणि ताईंच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात परकराच्या नाड्यांचा गुंडा. काही तुटलं, फाटलं, सैल झालं की काढली नाडी, बांधलं. बुटाचा तळ उघडला, नाडी. चष्म्याची काडी तुटली, नाडी.

ह्याच नाड्यांनी आम्हाला वाचवलं. आणि ह्याच प्लास्टिकनं जवळजवळ मारलं होतं.

सात-आठ वर्षं झाली असतील. दसरा होऊन गेला होता, पाऊस संपला असं सगळ्यांनी धरलेलं. कर्जतच्या बाजूचा एक किल्ला. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की आमचा मुलगा फोनवर व्हिडिओ लावतो आणि म्हणतो, आई, हे तर सोप्पं दिसतंय. दिसतंच. व्हिडिओत वारा कुठे लागतो? त्या किल्ल्यावर जायला शेवटी एक धार आहे. दोन्हीकडे सरळ दरी, मधे चालायला आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी रुंदी. आणि त्या धारेच्या मधोमध एक उभा कातळ, दोन पुरुष उंचीचा, त्यात पाय ठेवायला खोबण्या. सकाळी चढताना स्वच्छ ऊन होतं. चढलो झकास. हंसाबेननी वरून घरी व्हिडिओ कॉल लावला.

ताईंचा नियम होता, की समोरच्या डोंगराचं टोक ढगात गेलं की उठायचं. मग डबा उघडलेला असो की घास तोंडात असो. त्या दिवशी मी पुरणपोळ्या नेल्या होत्या, तूप वेगळ्या डबीत. ताईंनी एक खाल्ली. समोरचं टोक ढगात गेलं. नलू म्हणाली, "ताई, तो बघा, डोंगर गेलो." ताईंनी डोंगराकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बसा गं, अजून एक खाऊन उठू."

तेवढ्यातच सगळं बदललं. ढग खालून वर आला, वर्गात कुणीतरी फळा पुसावा तसं सगळं पुसून टाकलं, आणि वारा सुटला. मग पाऊस, तोही आडवा. आम्ही धारेवर आलो तेव्हा चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पावसाला म्हणून आम्ही प्लास्टिकं चढवली आणि वाऱ्यानं ती खालून फुगवली. बोटीला शीड लावतात ना, तशा आम्ही झालो. कलिंगडांनी मला उचलून बाजूला टाकायलाच घेतलं होतं. मी मटकन खाली बसले.

"गो बाय माझे," नलू ओरडली, "हयसून पडलंय तर थेट वेंगुर्ल्याक पोचतलंय!"

ताईंनी एका क्षणात नाड्यांचा गुंडा काढला. प्रत्येकीचं प्लास्टिक अंगाला लपेटलं आणि छातीशी, कमरेशी, मांड्यांशी नाड्या करकचून आवळल्या. बेडिंग बांधतात तसं. कपबशांचं बोचकं झालेल्या हंसाबेन देवाचं नाव घेत होत्या. पण फडफड थांबली.

मग आम्ही बसून सरकत सरकत कातळापर्यंत आलो. आता उतरायचं. ताईंनी सॅकमधून दोर काढला. ताई म्हणाल्या, "मी आधी उतरते. खालून पाय दिसतात, वरून नुसती भीती दिसते. दोर वर धरायला कोण?" तिघींनी एकमेकींकडे बघितलं. ताई मला म्हणाल्या, "तू. तू वजनदार आहेस." मी एका दगडामागे पाय रोवून बसले, दोर कमरेभोवतून घेतला. ताई उतरल्या. मग नलू शिव्या देत उतरली. हंसाबेन रडत उतरल्या. खालून ताईंचा आवाज, "डावा, अजून खाली, अजून, टेकला. आता हात सोड." जिन्यावरचेच शब्द.

मग मी राहिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा दोर धरायला वर कुणी नाही.

मी कातळाच्या काठावर पालथी पडले, पाय खाली सोडले. एक खोबण मिळाली. दुसरी मिळेना. वारा कानात घुसत होता, बोटं बधिर झालेली, गाल कातळावर चिकटलेला. आणि मी थिजले. खाली जाईना, वर जाईना. ओरडले, "ताई, मला भीती वाटतेय!" पहिल्यांदाच खालून 'ऐकलं' आलं नाही.

मग ताईंचा आवाज आला. अगदी गच्चीत गप्पा मारतात तसा. "काय गं, तुझ्या पुरणपोळ्या छान झाल्या होत्या हं."

मला कळेना. ह्या वेळेला पुरणपोळी?

"माझं पुरण सैल होतं नेहमी," ताई म्हणाल्या. "मग मी त्यात ब्रेडचा चुरा घालते."

मला वाटलं, वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नसेल. "काय घालता?"

"ब्रेड. स्लाइस मिक्सरमधून काढायचे. घट्ट होतं लगेच."

"पुरणात ब्रेड?" मी किंचाळले. गाल कातळावरून सुटला. "ताई, पुरणात ब्रेड?"

"डावा पाय खाली. वेलची-जायफळ कोण कुटत बसणार, मी चहाचा मसाला टाकते."

"अहो, त्यात सुंठ असते! मिरी असते!" माझा डावा पाय खोबणीत गेला होता, मला पत्ताही नव्हता. "पुरण सैल झालं तर परत चुलीवर ठेवून आटवायचं! डाळ आधी नीट निथळायची! कट काढत नाही का तुम्ही?"

"कट कशाला काढायचा? उजवा पाय. अजून खाली. टेकला. कट पोटात गेला तर काय बिघडतं?"

"आणि आमटी कशाची करता मग?"

"मॅगीची," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे हात माझ्या घोट्याला लागले.

मी खाली उभी होते. आणि ताईंवर डाफरत होते. नलू हसून हसून धारेवर आडवी व्हायची बाकी होती. पुढची धार आम्ही कशी पार केली ते मला आठवत नाही. मी पायथ्याच्या गावापर्यंत कटाच्या आमटीवर बोलत होते.

ही गोष्ट मी त्यानंतर किती जणांना सांगितली असेल! भिशीत, लग्नात, दाताच्या डॉक्टरांना. काय डोकं बाईचं, माणसाची भीती कशी काढावी हे शिकावं तर ताईंकडून, वगैरे. ताई समोर असल्या तर हातानं माशी हाकलल्यासारखं करायच्या. मला वाटायचं, विनय.

तर रविवार उजाडला. पुतण्याचा फोन आला की गाडी निघाली. मी चौथ्या मजल्यावर गेले. ताई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. पहिल्या पायरीकडे बघत होत्या. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. चेहरा एवढासा झाला होता.

मी ठरवूनच आले होते. म्हटलं, "ताई, काल मी पुरण केलं. सैल झालं. तुम्ही म्हणता तसा ब्रेडचा चुरा घातला."

मला वाटलं, आता भडकतील. निदान हसतील. ताई म्हणाल्या, "हो ना? घट्ट होतं की नाही लगेच?"

मी बघतच राहिले. "ताई, तुम्ही खरंच ब्रेड घालता?"

"मग काय करू? मला स्वयंपाक येतो कुठे? आईनंतर कुणी शिकवलं नाही, मी विचारलं नाही."

"आणि चहाचा मसाला?"

"छान लागतो."

"म्हणजे त्या दिवशी कातळावर… ती युक्ती नव्हती?"

ताई काठीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कसली युक्ती गं. शेवटी मी राहायला हवं होतं वर. तुम्हा तिघींना उतरवून मग मी यायचं, हे मला कळत होतं. पण ढग आला आणि माझं डोकं चालेना. खाली आल्यावर लक्षात आलं, की तुला वर एकटी ठेवून आलेय. परत वर चढायची हिंमत नव्हती माझ्यात. तू ओरडलीस, भीती वाटतेय, तर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मलाच तुझ्याहून जास्त भीती वाटत होती. मग डोक्यात जे होतं ते बोलत सुटले. डोक्यात तुझी पोळी होती."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी ह्या बाईला डोंगरावरची मानसशास्त्राची प्राध्यापक करून टाकलं होतं, दाताच्या डॉक्टरांपर्यंत! मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग ते थांबेना. ताईही हसायला लागल्या. हसता हसता कठड्याला टेकल्या.

"मॅगीची आमटी पण खरी?" मी विचारलं.

"ती नाही. ती तुला पायाशी आणायला टाकली. तोपर्यंत माझं डोकं जागेवर आलं होतं."

मग एकदम, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला भीती वाटतेय!"

"ऐकलं!" मी म्हटलं.

खाली पहिल्या मजल्यावरून नलूचा आवाज आला, "आमीय आयकलाव!"

मी काठी बाजूला ठेवली. दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले. खालून पाय दिसतात. ताईंनी सावकाश तोंड फिरवलं. दोन्ही हातांनी कठडा धरला. पाठ माझ्याकडे. "दुखरा पाय आधी," मी म्हटलं, कारण व्यायामवाल्या पोरीनं तसंच शिकवलं होतं. "खाली. अजून. टेकला. आता दुसरा." माझेच शब्द, पण माझे कुठे होते ते.

तिसऱ्या मजल्यावर आम्ही श्वास घेतला. दुसऱ्यावर हंसाबेन खुर्ची घेऊन उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी. ताईंचा पाय पायरीच्या कडेला जरा घसरल्यासारखा झाला आणि हंसाबेन ओरडल्या, "हाय हाय, जपून!"

ताई जिथल्या तिथे थांबल्या. "कोण म्हणालं जपून?"



"हंसा, वर माझ्या घरात बाटली आहे, ती भरून घेऊन ये खाली," ताई म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांचा पाय मला सांगावा लागला नाही. स्वतःच शोधत, टेकवत, त्या उतरत गेल्या. मी नुसती पुढे पुढे सरकत होते, खरं म्हणजे मागे मागे.

गेटजवळ वॉचमनची खुर्ची असते. तिच्यावर ताईंना बसवलं. हंसाबेननी बाटली दिली. नलूनं काठी आणली. तेवढ्यात नाशिकची गाडी आली. पुतण्या उतरला तो आधी वर बघायला लागला, चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे. मग त्याची नजर खुर्चीवर पडली.

"आत्या! तू खाली? कशी आलीस?"

ताईंनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

"आले की," त्या म्हणाल्या. "तोंड जिन्याकडे, पाठ नाशिककडे."